तृतीयेची भरती

नाशिक, निघण्यापूर्वी

एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. पहिली सात वर्षं पेठ तालुक्यात, बाकीची नाशिक शहरात. भरती-ओहोटीचा धडा आला की फळ्यावर पृथ्वी काढायची, तिला दोन्ही अंगांनी फुगवटा द्यायचा आणि वर कोपऱ्यात चंद्र. पेठच्या शाळेत एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, तुम्ही समुद्र पाहिला का?" मी ठणकावून हो म्हणाले. पाहिला होता, पण तो मुंबईला लग्नाला गेले तेव्हा, टॅक्सीच्या काचेतून. त्या दिवसापासून मनात होतं की एकदा समुद्राच्या कडेकडेनं पायी चालायचं, चांगले तीन-चार दिवस, घाई न करता. निवृत्त झाल्यावर आता जायचंच असं ठरवलं आणि नेमका उजवा गुडघा आडवा आला.

डॉक्टरांनी एक्स-रेवर पेनचं टोक टेकवून दाखवलं. "इथली गादी संपलीय, ताई. हाडावर हाड घासतंय. बदलून घ्या." माझी मुलगी प्रज्ञा शेजारी बसली होती. ती अठ्ठावीस वर्षांची आहे, एका नगररचनाकाराच्या ऑफिसात नकाशे काढते, आणि सरळ रेषेशिवाय तिला काही दिसत नाही. तिनं तिथल्या तिथे तारीख विचारली. मी तिथल्या तिथे उठून बाहेर आले.

कारण सांगते. आमच्या कॉलनीतल्या एक बाई असंच ऑपरेशन करून आल्या. त्याआधी रोज भाजीला, विहारात, लेकीकडे अशा भिरभिर फिरायच्या. नंतर त्या गॅलरीतल्याच झाल्या. येता-जाता वरून हात करतात आणि विचारतात, कुठे निघालात? मी आता त्या गॅलरीखालून जायचं टाळते. मी दर रविवारी रामशेज नाहीतर पांडवलेणी चढणारी बाई. हल्ली पांडवलेणीच्या पायऱ्यांवर गुडघा ठणकला की मी हात जोडून उभी राहायची आणि ठणका थांबेपर्यंत वंदना लांबवायची. बरोबरच्या बायकांना माझी श्रद्धा वाढल्यासारखं वाटायचं.

शेवटी घरात तह झाला. मी आणि प्रज्ञानं तीन दिवस कोकणच्या किनाऱ्यावर चालायचं. तीन दिवसांत मी एकदाही थांबले नाही तर ऑपरेशनचं नाव वर्षभर काढायचं नाही. गुडघ्यानं दगा दिला तर परत आल्या आल्या तारीख घ्यायची. प्रज्ञाचे बाबा साक्षीदार. ते म्हणाले, "तुम्ही दोघी चाला, मी इथून फोनवर चालतो."

तह झाला त्या संध्याकाळी मी मेडिकलमधून दुखणं दाबायच्या गोळ्यांच्या आणखी दोन पट्ट्या आणल्या, एकेक गोळी सोडवली आणि बडीशेपेच्या डबीत तळाला ठेवून वर बडीशेप पसरली. हे तुम्हाला पहिल्यांदाच सांगून टाकते. प्रज्ञाला सांगितलं नव्हतं.

पहिला दिवस, सुरूचं बन

बसप्रवासाचं काही लिहीत नाही, त्यात लिहिण्यासारखं नव्हतं. दापोलीच्या पुढे एका खाडीच्या तोंडाशी असलेल्या गावात उतरलो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर पुढच्या शनिवारी नाशिकच्या वीस गाड्या स्पीकर लावून तिथे उभ्या राहतील, आणि त्यातले निम्मे माझे विद्यार्थी असतील.

वासंतीताईंच्या घरी आमची सोय होती. बाई पन्नाशीच्या, काटक, बोलताना समोरच्याकडे न बघता हातातल्या कामाकडे बघणाऱ्या. नवरा मासेमारीच्या बोटीवर, म्हणून त्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. घराला चिऱ्यांचं कुंपण होतं, पण फाटकच नव्हतं. आमच्या कॉलनीत फाटकाला कुलूप, कुलपाला तीन किल्ल्या, आणि किल्ल्यांवरून भांडणं. मी विचारलं, रात्री भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, "कोण येणार गो बाय? आलाच तर जेवून जाईल."

दुपार कलल्यावर आम्ही सुरूच्या बनातून चालायला निघालो. ती वाट मी कशी सांगू. पायाखाली सुरूच्या काड्यांची वीतभर जाडीची गादी, त्यामुळे आपल्या चालण्याचा आपल्यालाच आवाज येत नव्हता. दोन्हीकडे उंच, बारीक, करडी खोडं आणि त्यांच्यामधून तिरपं पिवळं ऊन. वरती वारा सुरूतून वाहत होता आणि पलीकडे समुद्र वाजत होता, दोन्हींचा आवाज एकच. थोड्या वेळानं मला कळेना की कुठला आवाज कुठला. मी विचारायचंही सोडून दिलं. प्रज्ञा एरवी चार पावलं पुढे असते, ती माझ्या बरोबरीनं चालायला लागली. आम्ही दोघी तासभर एक शब्द बोललो नाही, आणि रुसलेलो नसताना असं आमच्या घरात कधी झालेलं नाही.

बन संपलं तिथे ओली वाळू होती. त्या वाळूवर साबुदाण्याएवढ्या गोळ्या, हजारोंनी, मधल्या एका बारक्या भोकाभोवती मांडलेल्या. खाली वाकून बघितलं तर नखाएवढा खेकडा एकेक गोळी करून मागे टाकत होता. वाळू तोंडात घ्यायची, त्यातलं खाण्यासारखं खायचं, उरलेलीची गोळी करून ठेवायची. थोड्या वेळानं लाट येणार आणि सगळं पुसणार, त्याला त्याचं काही नव्हतं. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. प्रज्ञानं विचारलं, "दुखतंय का?" मी म्हणाले, "खेकडा बघतेय." दोन्ही खरं होतं.

जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि जवळ्याची सुकी चटणी. आम्ही बाजरी आणि ठेच्यावर वाढलेली माणसं, भाकरी पांढरीशुभ्र बघून आधी ती पाहुण्यांसाठीची नाटकी भाकरी वाटली. पण पिठीत बुडवून खाल्ली आणि मी दुसरी मागून घेतली. तिसरी भाकरी वाढताना वासंतीताईंनी विचारलं, "उद्या खाडीपलीकडं जायचंय ना? मग उद्या तिथी काय?"

आमच्या घरात तिथी कोण बघतं. पौर्णिमा तेवढी चुकत नाही, कारण पौर्णिमेला विहारात वंदना असते आणि वंदनेनंतर खीर. मी म्हणाले, "परवा पौर्णिमा झाली."

"म्हणजे आज द्वितीया, उद्या तृतीया. तिनाची पाऊणपट किती?"

"सव्वादोन," प्रज्ञा म्हणाली.

"झालं तर. सव्वादोनला भरती पुरी. तिथून सहा तास मागं जा, सव्वाआठला सुकती." सुकती म्हणजे पुरी ओहोटी, हे मला संदर्भावरून कळलं. "आठाला पलीकडं जायचं नि साडेनवाला अलीकडं यायचं. साडेनऊ म्हणजे साडेनऊ हां, बाई."

मी बघतच राहिले. एकतीस वर्षं फळ्यावर फुगवटे काढून मी जे शिकवलं ते या बाईनं वाढता वाढता एका गुणाकारात बसवलं. कौतुक वाटलं, आणि खरं सांगते, थोडा रागही आला. माझ्यातली मास्तरीण उठून बसली. मी म्हणाले, "पण सहा तासांत चढणार ना पाणी? म्हणजे अकराला कुठे निम्मं होईल."

"पुस्तकात होत असेल," वासंतीताई म्हणाल्या आणि भात आणायला आत गेल्या.

जेवणानंतर मी बडीशेप खाल्ली. प्रज्ञाला तसं वाटलं.

दुसरा दिवस, खाडीपलीकडे

सकाळी आठला खाडीवर गेलो तर खाडी जागेवर नव्हती. आदल्या संध्याकाळी जिथे होड्या डुलत होत्या तिथे आता चिखलात कलंडून पडल्या होत्या, आणि मध्ये एक चिंचोळी पाण्याची पट्टी उरली होती. कालवं काढायला निघालेल्या चार बायका पुढे होत्या, डोक्यावर टोपल्या, हातात दगडावरून कालवं फोडायची बोथट कोयती. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या सरूबाई, सत्तरीच्या असतील. त्यांनी मागे वळून आम्हाला सांगितलं, "माझ्या पावलावर पाऊल टाका, शेजारी खोल हाय." पाणी पोटरीपर्यंत, गारेगार. तळाची वाळू लाटांनी विणल्यासारखी खडबडीत झाली होती आणि तळव्यांना गुदगुल्या होत होत्या.

पलीकडे वाळूचा लांबलचक दांडा, त्याच्या टोकाला काळे खडक आणि मागे टेकडी. घर नाही, माणूस नाही. समुद्र इतका लांब गेला होता की त्याचा नुसता श्वास ऐकू येत होता. ऊन कोवळं, हवेत थोडं धुकं, आणि धुक्यामुळे आकाश आणि ओली वाळू यांच्यात शिवणच दिसत नव्हती. प्रज्ञा अनवाणी त्या वाळूवरून लांब गेली, तेव्हा ती खाली चालतेय की वर, हे सांगता येईना.

खडकांच्या खाचांमध्ये पाणी राहिलं होतं. मी एका सपाट खडकावर बसले आणि एका खाचेत पाय सोडले. त्या पाण्यात एक जग होतं. पारदर्शक कोळंबीची पिल्लं, नुसते दोन ठिपके डोळ्यांचे आणि बाकी पाणीच. एक जांभळं फुलासारखं काहीतरी, बोट लावलं की मिटणारं. शंख पाठीवर घेऊन फिरणारा एक खेकडा, जो माझ्या अंगठ्याला खडक समजून चढला आणि चूक लक्षात आल्यावर सावकाश उतरला. सकाळी घेतलेल्या दोन गोळ्या चढल्या होत्या, गुडघा असल्याचंच मी विसरले होते. मला वाटलं, मी पंचवीस वर्षांची आहे आणि मला कुठेही जायचं नाही. इतकं हलकं मला फार वर्षांत वाटलं नव्हतं.

सव्वानऊला सरूबाई टोपली उचलून आल्या. "चला गो, पाणी फिरलं."

समोर बघितलं तर तशीच कोरडी वाळू. मी म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, आलोच."

आणि उठायला गेले, तर गुडघा उठेना. तासभर गार पाण्यात वाकवून ठेवलेला, तो तसाच लाकूड झाला होता. जोर लावला तेव्हा आतून अशी कळ आली की डोळ्यांसमोर पांढरं झालं. प्रज्ञा तिकडे वाळूत काठीनं खाडीचा नकाशा काढत होती. तिनं पाहिलं नाही. मी परत बसले, कसंनुसं हसले, डबी काढली आणि बडीशेपेखालून दोन गोळ्या घेतल्या. ठरवलं की गोळ्या चढेपर्यंत बसायचं, मग झोकात उठायचं.

प्रज्ञा आली. "आई, साडेनऊ होत आले."

तेव्हा मी तिला धडा शिकवला. ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तास. सव्वाआठला सुरू झालं तर सव्वाअकराला निम्मं. आत्ता कुठे पाव होईल. येताना पोटरीला होतं, जाताना फार तर गुडघ्याला. "बस गं, असं परत मिळणार नाही." तिनं मोबाईल पाहिला, रेंज नव्हती. मग ती बसली. आईवर तिचा कधी विश्वास नव्हता, पण भूगोलाच्या बाईंवर होता. आठवी ते दहावी ती माझ्याच वर्गात होती.

आणि मी नुसती थाप मारली असंही नाही, माझाही त्यावर विश्वास बसला होता. आम्ही गोदावरीकाठची माणसं. धरणातून पाणी सोडलं की नदी चढते, सोडायचं थांबलं की उतरते, आणि एकदा पाणी उतरलं की उतरलं. लोक घाट धुऊन काढतात, टपऱ्या परत मांडतात. उतरलेलं पाणी दुपारच्या आत आपणहून परत येतं, हे मला पाठ होतं पण माझ्या अंगवळणी कधी पडलंच नव्हतं.

पावणेअकराला मी उठले. गोळ्यांनी काम केलं होतं, लंगडत का होईना चालता येत होतं. दांड्यावरची वाळू अजून कोरडी होती. पण त्या चिंचोळ्या पट्टीपाशी आलो आणि पट्टी नव्हतीच. पाणी आमच्या पाठीमागून, घराच्या बाजूनं भरलं होतं. एक वाळकं माडाचं झावळ समुद्राकडून डोंगराकडे निघालं होतं, भराभर. खाडी उलटी वाहत होती. पहिला तास पाणी रेंगाळतं, मग तिसऱ्या-चौथ्या तासात धावत येतं, आणि पौर्णिमेनंतरच्या उधाणात तर फारच धावतं. हे माझ्या फळ्यावर कधी आलं नव्हतं.

"थांब, मी खोली बघते," प्रज्ञा म्हणाली आणि मी नको म्हणायच्या आत उतरली. चार पावलांत कंबरेपर्यंत. पाचव्या पावलाला तिचा पाय सरकला, ती वाकडी झाली, आणि पाण्यानं तिला दोन हात बाजूला नेलं. मी तिचं नाव घेतलं की नुसती किंचाळले, आठवत नाही. तिनं कसाबसा पाय रोवला आणि ओणवी होत परत आली. तिचे दात वाजत होते. पाणी आता तेवढं गार नव्हतं.

गावाकडच्या काठावरून सरूबाई हात हलवत ओरडत होत्या. "थांबा तिथंच. होडी तरंगली की आणतो." होडी वर चिखलात कलंडली होती. ती तरंगायला आणखी तासभर पाणी चढायला हवं होतं.

प्रज्ञानं टेकडीकडे बघितलं. "हिच्यावरून पलीकडच्या गावात जाता येतं. तिथून पुलावरून परत. तीन तास लागतील. नाहीतर होडीची वाट बघू." आणि मग माझ्याकडे बघून, "तुला जमेल?"

आता तुम्हीच सांगा, कुठलीही शहाणी बाई काय म्हणाली असती. मी म्हणाले, "न जमायला काय झालं. चल."

जांभ्या दगडाची ती वाट पहिल्यापासूनच उभी होती. दहा पावलं मी मोजून चढले. अकराव्याला गुडघा आतल्या आत सटकला आणि मी बसले. बसले कसली, पडले. मग पहिल्यांदाच, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, मी मोठ्यानं कण्हले.

प्रज्ञा गुडघ्याला बांधायची पट्टी शोधायला माझी पिशवी उलटीपालटी करू लागली. डबी उघडली गेली. बडीशेप सांडली आणि तिच्यामागोमाग पांढऱ्या गोळ्या दगडावरून टुणटुण उड्या मारत खाली गेल्या.

"हे काय आहे?"

"बडीशेप."

"आई."

मी रिकामी डबी बंद केली.

"रोज किती घेतेस?"

"दोन. कधी तीन. आज चार."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

ती माझ्याशेजारी बसली. ओल्या कपड्यांतून पाणी गळत होतं. मला वाटलं, आता तह मोडल्याचं बोलेल, तारखेचं बोलेल. ती म्हणाली, "साडेनऊला तुला उठता येत नव्हतं. हो ना? म्हणून तू मला ते सहा तासांचं सांगितलंस."

"हो."

"सांगितलं असतंस तर मी तुला पाठीवर घेऊन गेले असते. पाणी पोटरीएवढं होतं. मी आत्ता वाहून जाता जाता राहिले, आई."

एवढंच म्हणाली, आवाजही चढवला नाही. मी आयुष्यात शेकडो पोरांना उभं करून खोटं बोलल्याबद्दल झापलं असेल, पण त्यातल्या एकालाही माझ्याइतकी शरम वाटली नसेल. मला रडू फुटलं. रडता रडता मी तिला त्या गॅलरीतल्या बाईंचं सांगितलं. "मला वरून हात करायचा नाहीये गं. मला लोकांना विचारायचं नाहीये कुठे निघालात म्हणून." नाक पुसायला काही नव्हतं, पदरानं पुसायला गेले तर त्याला वाळू लागलेली. प्रज्ञानं पाण्याची बाटली पुढे केली.

मग आम्ही होडीची वाट बघत बसलो. आणि आता खोटं कशाला बोलू, तो तास फार सुंदर होता. पाणी कसलाही आवाज न करता येत होतं. मी बसले होते तो सपाट खडक आधी बेट झाला, मग पाठ तेवढी राहिली, मग तिथे नुसती चमक. माझ्या खाचेतली कोळंबीची पिल्लं आता मोठ्या पाण्यात गेली असतील. प्रज्ञानं वाळूत काढलेला नकाशा पुसला गेला, त्या नकाशातल्या खाडीत खरी खाडी शिरली. धुकं विरलं होतं आणि सगळीकडे हिरवट निळा उजेड. एक पांढऱ्या पोटाचा गरुड अगदी वरून गेला आणि त्याची सावली आमच्यावरून गेली. प्रज्ञानं डोकं माझ्या चांगल्या गुडघ्यावर टेकवलं. तिचे केस मिठानं कडक झाले होते.

साडेबाराच्या सुमारास होडी आली. वल्हं मारत होत्या वासंतीताई, पुढे सरूबाई बसलेल्या. होडी उथळात काठाला लागत नव्हती, म्हणून प्रज्ञानं आणि वासंतीताईंनी हातांची बैठक केली आणि मला उचलून पाण्यातून नेलं. लहानपणानंतर मला कुणी उचललं नव्हतं. वासंतीताई ना रागावल्या, ना हसल्या. वल्हं हातात घेताना एवढंच म्हणाल्या, "बाई, साडेनऊ म्हणजे साडेनऊ."

दुपारी सरूबाईंनी काढलेल्या कालवांचं कालवण होतं, ओल्या नारळाचं, कोकम घातलेलं. मला वाटलं होतं घास उतरणार नाही. पण मी दोनदा मागून घेतलं.

तिसरा दिवस, सड्याच्या खाली

तिसऱ्या दिवसाचा बेत आधीपासून ठरला होता. गावामागचा कडा चढून वरच्या सड्यावर जायचं. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं सपाट मैदान, तिथून म्हणे अर्धा किनारा दिसतो. हा माझ्या परीक्षेचा शेवटचा पेपर होता.

सकाळी चहा घेताना प्रज्ञा म्हणाली, "काल मी जास्त बोलले. बाबांना काही सांगत नाही. वर्षभर थांबू या, तू म्हणतेस तसं. फक्त गोळ्या डॉक्टरांना विचारून घे."

मला इतकं हायसं वाटलं की मी लगेच हो म्हणाले. मग तिला म्हणाले, "तू जा वर. मी थांबते खाली." ती नको नको म्हणत होती, मी हट्टानं पाठवली.

मी वासंतीताईंबरोबर अंगणात बसले. त्या बोंबील वाळत घालत होत्या, दोरीवर एकेक, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. मीही घालायला लागले. आमच्याकडे गच्चीवर कुरडया घालतात तसंच होतं, फक्त वास वेगळा. ऊन पाठीवर होतं. समुद्राचा आवाज येत-जात होता आणि मला डुलकी लागल्यासारखं होत होतं.

"दुखतंय ना?" त्यांनी बोंबलांकडे बघतच विचारलं.

"दुखतंय." गोळ्या नव्हत्या, त्यामुळे सरळच दुखत होतं.

एक बोंबील हातात घेऊन त्यांनी कड्याकडे खूण केली. वर, अगदी कडेला, बोटाएवढी प्रज्ञा उभी होती. तिनं दोन्ही हात हलवले. मीही बसल्या जागेवरून हात केला.

आणि हात तसाच वर राहिला. मी खाली बसून, वर चाललेल्या माणसाला हात करत होते. ऑपरेशन झालं नव्हतं, कुणी मला कोंडलं नव्हतं, मी माझ्या हट्टानं इथे बसले होते. मला माझ्या पोरीचा हेवा वाटला. ती वाऱ्यात उभी होती आणि मी बोंबलांत.

तासाभरानं ती उतरली. गाल लाल, ओढणी कमरेला बांधलेली, डोळे असे की अजून वरच असावेत. माझ्याजवळ आली आणि चेहरा सावरून म्हणाली, "काही खास नाहीये गं वर. नुसता कातळ. तू आली नाहीस तेच बरं केलंस."

"खोटं बोलू नकोस," मी म्हणाले. "आपल्या घरात आता ते पुरे झालं. नीट सांग."

ती खाली बसली आणि सांगायला लागली. वाळलेलं सोनेरी गवत, कमरेएवढं, वाऱ्यानं एकदम एका बाजूला झोपणारं. कातळात खोल खड्डे, त्यांत आकाश. समुद्र खाली इतका स्वच्छ की तळाचे खडक सावल्यांसारखे दिसत होते. कालचा वाळूचा दांडा आणि त्याभोवती खाडी, अगदी नकाशासारखी, पण हलणारी. आणि दूर एका ठिकाणी पाणी सारखं फुटत होतं, नंतर कळलं की ते डॉल्फिन आहेत, आठ-दहा, एका मागून एक वर येत होते. सांगता सांगता तिच्या आवाजात वारा भरला.

ती थांबल्यावर मी म्हणाले, "डॉक्टरांना फोन लाव. तारीख घे."

"अगं, पण आपण वर्षभर..."

"मला ते गवत बघायचंय. वर्षभर थांबले तर इथे चढायचं सोड, इथून हात करायलाही येता येणार नाही. भीती वाटते मला, फार वाटते. पण तू लाव."

तिनं मोबाईल काढला, वर धरला, इकडेतिकडे फिरवला. "इथे रेंजच नाही. गावाबाहेरच्या वडाच्या वळणाशी येते म्हणाल्या होत्या वासंतीताई."

वळण चांगलंच लांब होतं आणि रस्ता चढाचा. प्रज्ञा म्हणाली, "तू बस, मी जाऊन येते."

"मी येते," मी म्हणाले. तिच्या खांद्यावर हात ठेवला, सगळा भार टाकला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिच्यासमोर जसं दुखत होतं तसं लंगडत निघाले.